‘आलोच’ म्हणजे नेमकं कधी?

कंट्रोल टॉवर आणि कॉकपिट यांच्यातल्या खडाजंगीची एखादी ध्वनिफीत दर काही महिन्यांनी फिरायला लागते. कंट्रोलर वैतागलेला, वैमानिक परदेशी आणि गोंधळलेला, तीच सूचना तीनदा, आणि तिसऱ्यांदा आवाज चढलेला. ऐकणाऱ्यांची करमणूक होते, मग वाद सुरू होतो. एक पक्ष म्हणतो, ज्याला धड इंग्रजी येत नाही त्याच्या हाती तीनशे माणसांचा जीव दिलाच कसा? दुसरा म्हणतो, कंट्रोलरचा तोरा बघा, स्वतः शब्द खात बोलतो आणि वर समोरच्यावर ओरडतो. तिसरा, जरा तंत्रप्रेमी पक्ष म्हणतो, या काळात रेडिओवर बोलायचंच कशाला, लेखी संदेश पाठवा आणि मोकळे व्हा. तिघांच्याही बोलण्यात तथ्य आहे, पण तिघंही गैरसमज म्हणजे कुणाच्या तरी तोंडातला, कानातला किंवा यंत्रातला बिघाड असं धरून चालतात. बिघाड शोधा, दुरुस्त करा, संपलं. मला हे पटत नाही. उत्तम बोलणाऱ्या आणि उत्तम ऐकणाऱ्या माणसांतही गैरसमज होतात. मोठ्या अपघातांच्या कॉकपिटमधल्या नोंदी वाचल्या की वेगळंच काहीतरी टोचत राहतं: ज्या शंकेने विमान वाचलं असतं, ती शंका बहुतेक वेळा कुणाला तरी आलेली असते. बोलूनही दाखवलेली असते. फक्त ती शेजारच्या माणसापाशी बोललेली असते, रेडिओवर गेलेली नसते. ती का गेली नाही, यावर वाद व्हायला हवा. आणि नेमका तोच होत नाही.

आपल्याच भाषेपासून सुरुवात करू. फोनवर आपण ‘आलोच’ म्हणतो तेव्हा बऱ्याचदा पायात चप्पलही नसते. व्याकरणाच्या दृष्टीने क्रिया पूर्ण झालेली, प्रत्यक्षात सुरूही झालेली नाही, आणि तरी पलीकडच्याला बरोबर कळतं; कारण तो आपल्याला ओळखतो. ‘निघतोय’ तर त्याहून लबाड. निघायच्या बेतात आहे, की वाटेला लागलाय? २७ मार्च १९७७ रोजी कॅनरी बेटांतल्या तेनेरिफेच्या लोस रोदेओस विमानतळावर केएलएम या डच कंपनीच्या बोइंग ७४७ च्या सहवैमानिकाने टॉवरला जे सांगितलं ते असंच होतं: ‘वी आर नाउ ॲट टेकऑफ.’ हे इंग्रजी चूक नाही आणि धड बरोबरही नाही. उड्डाणाच्या जागी उभे आहोत, की उड्डाणासाठी धावायला लागलो आहोत? बोलणाऱ्याच्या मनात दुसरा अर्थ होता, कारण कप्तानाने विमान पळवायला सुरुवात केलेली होती. टॉवरमधल्या स्पॅनिश कंट्रोलरने पहिला अर्थ घेतला. जवळच्या ग्रान कनारिया विमानतळावर बॉम्बस्फोट झाल्यामुळे सगळी विमानं या छोट्या विमानतळावर वळवलेली, धावपट्टीवर धुकं उतरलेलं, आणि त्याच धुक्यात, त्याच धावपट्टीवरून पॅन ॲमचं दुसरं बोइंग ७४७ हळूहळू पुढे येत होतं.

कंट्रोलरने उत्तर दिलं ‘ओके’, क्षणभर थांबला, आणि मग म्हणाला, उड्डाणासाठी थांबा, मी सांगेन. त्याच वेळी पॅन ॲमच्या वैमानिकानेही बटण दाबलं आणि सांगितलं, आम्ही अजून धावपट्टीवरच आहोत. दोन माणसं एकाच फ्रिक्वेन्सीवर एकाच क्षणी बोलली की या रेडिओवर दोघांचंही नीट ऐकू येत नाही, शीळ घातल्यासारखा कर्कश आवाज येतो. केएलएमच्या कॉकपिटमध्ये ‘ओके’ लख्ख पोचलं आणि पुढचं जवळपास चार सेकंदांच्या शिट्टीत अडकलं. ‘नरो वा कुंजरो वा’ची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलो. अश्वत्थामा मेला एवढंच द्रोणाचार्यांच्या कानी पडलं, उरलेलं वाक्य शंखध्वनीत बुडालं. तिथे शंख मुद्दाम फुंकला होता. इथे तो फुंकणारा कुणी नव्हता, आणि ५८३ माणसं गेली. विमानवाहतुकीच्या इतिहासात एका अपघातात एवढी माणसं आजवर दुसऱ्या कुठल्याही वेळी गेलेली नाहीत.

या अपघाताचे दोन निष्कर्ष निघाले आणि आजचा वाद तेव्हाच सुरू झाला. स्पॅनिश चौकशीने बोट ठेवलं ते परवानगीशिवाय उड्डाण सुरू करणाऱ्या कप्तानावर. डच बाजूने म्हटलं, हा परस्परांतला गैरसमज होता, एकट्याच्या माथी मारू नका. दोन्ही खरंच आहे. नंतर जे बदललं ते मात्र मोलाचं ठरलं. ‘टेकऑफ’ हा शब्द आता उड्डाणाची परवानगी देताना, तिचं प्रत्युत्तर देताना किंवा ती मागे घेतानाच उच्चारायचा. बाकी सगळीकडे ‘डिपार्चर’. एक शब्द पेटीत बंद करून ठेवला आणि किल्ली एकाच प्रसंगाला दिली. ठरीव शब्दांचं महत्त्व नाकारणारा माणूस मला अजून भेटायचाय.

म्हणून ठरीव शब्दांची बाजू आधी पुरती मान्य करतो. रेडिओवर ‘रॉजर’चा अर्थ ‘हो’ नाही. ‘तुमचं ऐकलं’ एवढाच. आपण फोनवर ‘हं, हं’ म्हणत राहतो तसा तो नुसता हुंकार आहे, होकार नव्हे. इंग्रजीतला पाच ‘फाइफ’ आणि नऊ ‘नाइनर’ असा उच्चारतात, म्हणजे खरखरीतही ते एकमेकांत मिसळत नाहीत. बावन्न की ब्याण्णव, एकोणसाठ की एकोणसत्तर, हा घोळ घातलेल्या मराठी माणसाला यामागचं शहाणपण वेगळं समजवायला नको. आणि नियम सोडला की काय होतं? १९ फेब्रुवारी १९८९ ला फ्लाइंग टायगर कंपनीचं मालवाहू ७४७ क्वालालंपूरजवळ उतरत होतं. कंट्रोलरने २,४०० फुटांवर या, हे ‘टू फोर झिरो झिरो’ असं सांगितलं. अमेरिकन कप्तानाने त्यातला ‘टू’ हा ‘पर्यंत’ या अर्थाचा धरला आणि उत्तर दिलं, ओके, फोर झिरो झिरो. दोन हजार फूट एका अव्ययात गेले. देवनागरीत लिहिलं तर दोन्ही ‘टू’ सारखेच दिसतात. कानाला तर ते नेहमीच सारखे. उत्तर चुकलंय हे कंट्रोलरच्या लक्षात आलं नाही, जमीन जवळ आल्याचा यंत्राचा इशाराही वाया गेला, आणि विमान ४३७ फुटांवर डोंगराला धडकलं. चौघे होते, चौघेही गेले. ‘टू थाउजंड फोर हंड्रेड फीट’ असे ठरलेले शब्द वापरले असते तर घोटाळ्याला जागाच नव्हती.

इंग्रजीवाल्या पक्षाकडेही भक्कम पुरावे आहेत. १२ नोव्हेंबर १९९६ ला चरखी दादरीच्या आकाशात सौदी अरेबियाचं ७४७ आणि कझाकस्तानचं इल्युशिन-७६ यांची टक्कर झाली, ३४९ जण गेले. इल्युशिन १५,००० फुटांवर राहायला हवं होतं, ते खाली आलं. त्या विमानात कंट्रोलरशी बोलायला वेगळा रेडिओ ऑपरेटर होता आणि विमान दुसऱ्याच माणसाच्या हातात होतं. म्हणजे सूचना दुभाष्यामार्फत पोचायची, तीही सेकंदांच्या हिशेबात. झाग्रेबला १० सप्टेंबर १९७६ रोजी शेवटच्या क्षणी कंट्रोलर युगोस्लाव्ह वैमानिकाशी त्याच्या भाषेत बोलू लागला. समोरून येणाऱ्या ब्रिटिश विमानाला त्यातलं काही कळायची सोय नव्हती. १७६ मृत्यू. एका फ्रिक्वेन्सीवर सगळ्यांना सगळं ऐकू येणं हे स्वतःच एक संरक्षण आहे, आणि भाषा बदलली की ते जातं. (कॅनडात मात्र क्यूबेकमध्ये फ्रेंच बोलू द्यायचं की नाही यावर १९७६ मध्ये वैमानिक संपावर गेले; पुढे चौकशी आयोगाने निर्वाळा दिला की दोन भाषांनी सुरक्षितता ढळत नाही. भाषेच्या प्रश्नात सुरक्षितता किती आणि अस्मिता किती, हे वेगळं काढणं सोपं नसतं.) अशा अनुभवांतून आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतूक संघटनेने, म्हणजे आयकाओने, सहा पायऱ्यांची इंग्रजी परीक्षा आणली. चौथी पायरी गाठल्याशिवाय आंतरराष्ट्रीय उड्डाण नाही, आणि चौथीवाल्याने दर तीन वर्षांनी पुन्हा परीक्षा द्यायची. हे योग्यच झालं.

पण इंग्रजी हाच रोग असता, तर इंग्रजी मातृभाषा असलेल्यांना तो व्हायला नको होता. १ डिसेंबर १९७४. ट्रान्स वर्ल्ड एअरलाइन्सचं (टीडब्ल्यूए) बोइंग ७२७, उड्डाण ५१४, वॉशिंग्टनकडे येतंय. वैमानिक अमेरिकन, कंट्रोलर अमेरिकन, भाषा घरची, आणि वापरलेला वाक्प्रयोग अगदी ठरीव: अप्रोचची, म्हणजे धावपट्टीकडे उतरत येण्याची, परवानगी आहे. विमान धावपट्टीपासून चाळीसहून अधिक मैल लांब होतं. कंट्रोलरच्या लेखी या वाक्याचा अर्थ होता, आता नकाशातल्या उंचीच्या मर्यादा सांभाळणं तुमचं काम. वैमानिकाच्या लेखी, कंट्रोलरने परवानगी दिली म्हणजे खाली उतरायला वाट मोकळी आहे. ते १,८०० फुटांकडे निघाले. आता कॉकपिटमधली नोंद बघा. कप्तान नकाशा बघून वैतागून म्हणतो की या कागदावर तर इथे ३,४०० फूट किमान उंची दिलीय. म्हणजे शंका आली. नेमकी आली, आकड्यासकट आली. मग त्यानेच तिचं निरसनही केलं: त्याने परवानगी दिली म्हणजे आपण सुरुवातीच्या उंचीपर्यंत उतरू शकतो. कॉकपिटमधल्या इतरांनी त्यात आपापली भर घातली. बटण दाबून कंट्रोलरला विचारायला पाचएक सेकंद लागली असती, ‘इथे आम्ही अठराशेपर्यंत उतरू शकतो का?’ कुणीही विचारलं नाही. विमान व्हर्जिनियातल्या माउंट वेदरवर आदळलं, ९२ जण गेले. चौकशी मंडळातल्या पाच सदस्यांचंही नंतर एकमत होईना. दोष कुणाचा यावर ते तीन विरुद्ध दोन असे फुटले. ज्या वाक्याचा अर्थ तज्ज्ञांना सवडीने, कागद पुढे ठेवूनही एकमुखाने लावता आला नाही, तो वादळी हवेत उतरणाऱ्या माणसाने बिनचूक लावावा, ही अपेक्षा कुठल्या इंग्रजीच्या परीक्षेने पुरी होणार?

मग हाच सांगाडा जागोजाग दिसायला लागतो. २५ एप्रिल १९८०, पुन्हा तेनेरिफे, या वेळी ब्रिटिश डॅन-एअरचं विमान. थांबण्यासाठी घालायच्या घिरट्या डावीकडच्या आहेत, हे कंट्रोलरला सांगायचं होतं: ‘टर्न्स टू द लेफ्ट’. तोंडातून गेलं ‘टर्न टू द लेफ्ट’, डावीकडे वळा. ‘ध’चा ‘मा’ करायला निदान कुणीतरी लेखणी हातात घेतलेली असते. इथे एक ‘स’ आपोआप गळून पडला आणि वर्णनाची आज्ञा झाली. विमान डोंगरांकडे वळलं, १४६ जण गेले. आणि कॉकपिटमध्ये? तिथे मंडळी आपसात म्हणत होती की हे होल्डिंग भलतंच विचित्र आहे, धावपट्टीशी त्याचा काही मेळच बसत नाही. विचित्र आहे हे कळलं होतं. टॉवरला सांगितलं नाही.

२५ जानेवारी १९९० च्या अवियांका कंपनीच्या ५२ क्रमांकाच्या विमानाबद्दल बोलताना लोक हमखास म्हणतात, बघा, कोलंबियन वैमानिकांचं इंग्रजी. न्यूयॉर्कच्या वाटेवर त्या विमानाला तीन ठिकाणी मिळून सव्वा तास घिरट्या घालायला लावल्या होत्या. कप्तान सहवैमानिकाला स्पॅनिशमध्ये सांगतोय, आपण आणीबाणीत आहोत हे सांग त्यांना. सहवैमानिक कंट्रोलरला सांगतो: आमचं इंधन संपत चाललंय. वाक्य शुद्ध आहे, आणि निरुपयोगी. प्रवासाच्या शेवटाला आलेल्या प्रत्येक विमानाचं इंधन संपतच चाललेलं असतं. ‘इमर्जन्सी’ किंवा ‘मेडे’ हा एक शब्द गेला असता तर समोरची सगळी रांग बाजूला झाली असती. उतरण्याचा पहिला प्रयत्न फसल्यावर कंट्रोलरने वळसा घालून परत आणायची योजना सांगितली आणि विचारलं, तुमच्या इंधनाच्या दृष्टीने हे चालेल ना? उत्तर गेलं: ‘आय गेस सो, थँक यू व्हेरी मच.’ काही मिनिटांनी चारही इंजिनं बंद पडली, ७३ जण गेले. हा इंग्रजीचा प्रश्न होता का? ‘थँक यू व्हेरी मच’ म्हणणाऱ्याला ‘इमर्जन्सी’ हा शब्द येत नव्हता? तो शब्द तर स्पॅनिशमध्येही जवळजवळ तसाच आहे. व्याकरण तोकडं पडलं नव्हतं, तोंड उघडायचं बळ तोकडं पडलं. आणि पलीकडे इंग्रजीत जन्मलेल्या कंट्रोलरांपैकी एकानेही सरळ विचारलं नाही की तुम्ही आणीबाणी जाहीर करताय का, हो की नाही?

आता ठरीव शब्दांच्या पक्षाकडे परत येतो, कारण त्यांच्या सगळ्यात अवघड प्रश्नाचं उत्तर कालीच्या अपघातात आहे. २० डिसेंबर १९९५ ला अमेरिकन एअरलाइन्सचं विमान कोलंबियातल्या काली शहरी उतरत होतं. रडार नाही, रात्र, दोन्ही बाजूंना डोंगर. वैमानिकांनी संगणकात एका बिंदूऐवजी दुसराच निवडला आणि विमान वळलं ते चुकीच्या दिशेला. कंट्रोलरला त्यांच्या मागण्या ऐकून काहीतरी जुळत नाही असं वाटत होतं. त्याने नंतर चौकशीत जे सांगितलं, त्याचा आशय असा: वैमानिक स्पॅनिश बोलणारे असते, तर तुमच्या या मागणीला काही अर्थ नाही असं मी त्यांना सांगितलं असतं, इंग्रजीत तेवढं बोलणं मला जमण्यातलं नव्हतं. त्याला सगळे ठरीव शब्द येत होते. त्या शब्दांत परवानगी देता येते, उंची सांगता येते, वाऱ्याचा वेग सांगता येतो. ‘अहो, तुम्ही नक्की कुठे आहात? मला हे विचित्र वाटतंय’ हे त्यात बसत नाही. १५९ जण गेले. ठरीव भाषा ही ठरलेल्या गोष्टींसाठी असते. आणि अपघात म्हणजे न ठरलेली गोष्ट.

‘रीडबॅक घ्या, म्हणजे झालं’, अर्थात सूचना परत म्हणवून घ्या, या उपायाचीही एक मर्यादा अलीकडेच दिसली. २ जानेवारी २०२४ ला टोकियोच्या हानेदा विमानतळावर तटरक्षक दलाच्या छोट्या विमानाला कंट्रोलरने सांगितलं: नंबर वन, होल्डिंग पॉइंट सी-५ पर्यंत या. वैमानिकाने तेच अक्षरशः परत म्हटलं, नंबर वनसकट. पाठांतर शंभर टक्के बरोबर. ‘नंबर वन’ म्हणजे रांगेत पहिला. त्याने घेतलेला अर्थ, धावपट्टीवर जायला मोकळीक. ते विमान धावपट्टीवर जाऊन सुमारे ४० सेकंद थांबलं आणि वरून जपान एअरलाइन्सचं ए-३५० उतरलं. मोठ्या विमानातले ३७९ जण सुखरूप बाहेर पडले. छोट्या विमानातल्या सहांपैकी पाच गेले. प्रामाणिकपणे सांगायचं तर इथे माझंही म्हणणं अपुरं पडतं. ज्याला शंकाच आली नाही त्याला विचारायचं स्वातंत्र्य देऊन काय उपयोग? अशा वेळी यंत्रच हवं. धावपट्टी अडलेली आहे हे दाखवणारा इशारा कंट्रोलरच्या पडद्यावर होता, तो त्याच्या लक्षात आला नाही. म्हणजे यंत्रालाही आणखी मोठ्याने ओरडायला शिकवावं लागेल.

लेखी संदेशांबद्दल थोडक्यात. महासागरावर, जिथे रेडिओचा आवाज खरखरतो आणि उत्तराला दोन मिनिटं लागली तरी बिघडत नाही, तिथे डेटालिंक वरदान आहे. २,४०० हा आकडा पडद्यावर वाचला असता तर फ्लाइंग टायगर वाचलं असतं हेही खरं. पण धावपट्टीच्या शेवटच्या मैलांत टंकायला आणि वाचायला वेळ कुठे? शिवाय खासगी संदेश तिसऱ्याला ऐकू येत नाही. पॅन ॲमचा ‘मोकळी झाली की कळवतो’ हा नंतरचा निरोप केएलएमच्या कॉकपिटपर्यंत पोचू शकला तो सगळ्यांची फ्रिक्वेन्सी एक होती म्हणूनच. आणि यंत्र बोलायला लागलं की आणखी एक तोंड वाढतं. १ जुलै २००२ ला जर्मनीतल्या उबरलिंगेनच्या आकाशात रशियन विमानाला टक्कररोधक यंत्र सांगत होतं वर जा, आणि कंट्रोलर सांगत होता खाली या. वैमानिकांनी माणसाचं ऐकलं. समोरचं मालवाहू विमान यंत्राचं ऐकून खालीच येत होतं. ७१ मृत्यू, त्यात बहुतेक शाळकरी मुलं.

मग विचारणं महाग का पडतं? सगळ्यांत साधं कारण गर्दी. व्यग्र विमानतळाच्या फ्रिक्वेन्सीवर श्वास घ्यायला जागा नसते, आणि माझा प्रश्न म्हणजे मागच्या दहा विमानांचा खोळंबा. हा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही. प्रत्येक जण प्रत्येक वाक्यावर ‘म्हणजे काय?’ विचारू लागला तर तोही एक अपघातच होईल. पण मी सांगितलेल्या प्रसंगांत माणसं उगाच चिकित्सा करत नव्हती. काहीतरी खटकलंय हे त्यांनी शब्दांत मांडलेलं होतं. दुसरं कारण लाज, आणि फिरणाऱ्या त्या ध्वनिफिती ही लाज वाढवण्याचंच काम करतात. तिसऱ्यांदा विचारणाऱ्या वैमानिकाला आपण हसतो, तेव्हा पुढच्या दहा वैमानिकांना आपण शिकवत असतो की दुसऱ्यांदाही विचारू नका. गंमत अशी की आयकाओच्या त्याच इंग्रजी परीक्षेत उच्चार, व्याकरण, शब्दसंग्रह यांच्या बरोबरीने संवाद हाही एक निकष आहे, आणि चौथ्या पायरीच्या वर्णनात गैरसमज झाल्यासारखा वाटला तर पडताळून, खात्री करून, खुलासा मागून तो निस्तरता यावा, असं साफ म्हटलंय. म्हणजे ज्याची टर उडवली जाते तो माणूस परीक्षेच्या भाषेत उत्तीर्ण होत असतो.

तिसरं कारण शिक्षेची भीती. झाग्रेबच्या कंट्रोलरला सात वर्षांची कैद सुनावली गेली. तो त्या वेळी खुर्चीवर एकटा होता आणि त्याच्या समोरच्या कामाचा ढीग दोघांचा होता. पुढे सहकारी कंट्रोलरांनी आवाज उठवला तेव्हा तो सुटला. जपानमध्ये ३१ जानेवारी २००१ ला कंट्रोलरने ९५८ ऐवजी ९०७ क्रमांकाच्या विमानाला खाली यायला सांगितलं. ९०७ च्या यंत्राने सांगितलं वर जा, कप्तानाने कंट्रोलरचं ऐकलं, आणि विमानं थोडक्यात वाचली. सुमारे शंभर जण जखमी झाले. कंट्रोलरांवर खटला चालला आणि २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा कायम केली. आता तारखा शेजारी ठेवून बघा. यंत्र आणि माणूस उलट सांगायला लागले तर ऐकायचं कुणाचं, हा प्रश्न जानेवारी २००१ मध्ये जगासमोर आलेला होता. निर्विवाद उत्तर, की यंत्राचंच ऐका, उबरलिंगेननंतर आलं. न्यायालयाला माणसं सापडली. फट मात्र सतरा महिने उघडीच राहिली.

उलट उदाहरण टीडब्ल्यूए ५१४ चंच आहे. त्या अपघाताच्या काही आठवडे आधी युनायटेड एअरलाइन्सच्या एका विमानाने तीच परवानगी तशीच चुकीची समजून घेतली होती आणि ते नशिबाने बचावलं होतं. वैमानिकांनी ते कंपनीला कळवलं, युनायटेडने आपल्या वैमानिकांना सावध केलं. पण एका कंपनीचा इशारा दुसरीच्या कॉकपिटपर्यंत जायला तेव्हा रस्ताच नव्हता. ९२ जण गेल्यावर तो बांधला गेला: १९७६ पासून अमेरिकेत वैमानिक आणि कंट्रोलर आपली चूक नासाकडे कळवू शकतात. विमानवाहतूक खात्याकडे नव्हे, मुद्दाम नासाकडे, कारण तिच्या हातात छडी नाही. नाव काढून टाकलं जातं. हीच नासा १९७९ मध्ये कॉकपिटमधल्या अधिकारउतरंडीच्या प्रश्नाला भिडली आणि ‘क्रू रिसोर्स मॅनेजमेंट’ नावाचं प्रशिक्षण त्यातून उभं राहिलं: कनिष्ठाने बोलावं कसं, वरिष्ठाने ऐकावं कसं. ते कॉकपिटच्या दारापर्यंत बऱ्यापैकी रुजलं. टॉवर आणि कॉकपिट मात्र अजूनही बहुतेक वेळा वेगवेगळ्या वर्गांत शिकतात, एकमेकांची खोलीही त्यांनी अनेकदा पाहिलेली नसते. १८५४ मध्ये बालाक्लाव्हाच्या लढाईत टेकडीवरून ब्रिटिश सेनापती रॅगलनने शत्रूला तोफा नेण्यापासून अडवायचा हुकूम धाडला तेव्हा त्याला कोणत्या तोफा दिसत होत्या आणि खालच्या खोऱ्यात घोड्यावर बसलेल्यांना कोणत्या, हा फरक निरोप नेणाऱ्यानेही उलगडला नाही, आणि घोडदळ भलत्याच तोफांवर चालून गेलं. रडारचा पडदा आणि कॉकपिटची काच यांत तेवढंच अंतर आहे. वैमानिकांनी टॉवरमध्ये आणि कंट्रोलरांनी कॉकपिटमध्ये वर्षातून काही तास बसावं, चुकलेल्या संभाषणांचे सराव दोघांनी एकत्र करावेत, हे इंग्रजीच्या आणखी एका परीक्षेपेक्षा स्वस्त पडेल.

तेनेरिफेचं एक टोक मी मघाशी सोडून दिलं होतं. केएलएमचा कप्तान कंपनीतल्या ७४७ च्या प्रशिक्षणाचा प्रमुख होता. शेजारी बसलेल्या सहवैमानिकाला त्या विमानासाठी त्यानेच तपासून पास केलं होतं. कप्तानाने पहिल्यांदा इंजिनांची ताकद वाढवली तेव्हा या सहवैमानिकाने त्याला अडवलं: थांबा, अजून परवानगी नाही. कप्तान म्हणाला, ते माहीत आहे मला, विचार त्यांना. त्यानंतर ती परवानगीसारखी वाटणारी, पण उड्डाणाची नसलेली सूचना आली, विमान पळू लागलं, शिट्टी वाजली. शिट्टी संपल्यावर टॉवर आणि पॅन ॲम यांच्यात दोन वाक्यं झाली, आणि ती केएलएमच्या कॉकपिटमध्ये ऐकू येण्यासारखी होती: धावपट्टी मोकळी झाली की कळवा, हो, मोकळी झाली की कळवतो. ती एकाच माणसाने मनावर घेतली, मागे बसलेल्या फ्लाइट इंजिनिअरने. त्याने डचमध्ये विचारलं, ‘तो बाजूला झालेला नाही का मग?’ कप्तानाला नीट ऐकू आलं नाही, त्याने विचारलं, काय म्हणालास? इंजिनिअरने पुन्हा विचारलं, ते पॅन ॲमचं विमान बाजूला झालं नाही का? कप्तान ठासून म्हणाला, ‘झालंय की.’ इंजिनिअरने तिसऱ्यांदा विचारलं नाही. धडकेला तेव्हा पंधराएक सेकंद बाकी होते.